चाळीस रंगांचं पॅलेट आणि त्यातला एक तपकिरी

गोव्यातल्या डिचोलीच्या एका बायने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात भावाचं लग्न आहे. दुपारी देवळाच्या हॉलमध्ये अक्षता, संध्याकाळी रिसेप्शन. मेकअपवाली फक्त नवरीपुरती ठरलीय, त्यामुळे वरमाई आणि करवल्यांनी आपापलं बघायचंय. हिने ऑनलाइन चाळीस रंगांचं आय शॅडोचं पॅलेट मागवलं, व्हिडिओ बघून जांभळा आणि राखाडी लावला, आणि आतेबहीण म्हणाली, "कोणी बुक्की मारली काय गो तुला?" आता ती विचारते की आय शॅडो म्हणजे नेमकं काय, ते कशासाठी लावतात, कुठला रंग कुठे लावायचा, उणे चारचा चष्मा असताना लावून काही उपयोग आहे का, आणि पैसे फुकट गेले का.

बाय, शेवटचं आधी सांगतो. पैसे फुकट गेले नाहीत, थोडे जास्त गेले एवढंच. चाळिसांतले पाच-सहा रंग तुम्ही वर्षभर वापराल. बाकीचे भाची-पुतण्यांच्या स्नेहसंमेलनाला ठेवा.

मी मूळचा पडद्यामागचा माणूस. माझे मामा फोंड्याकडच्या अंत्रूज महालातल्या जत्रांच्या नाटकांना रंगभूषा करायचे आणि त्यांची पत्र्याची पेटी उचलायचं काम माझ्याकडे होतं. पुढे स्पर्धेच्या नाटकांना लागलो, आणि गेली बावीस-तेवीस वर्षं लग्नांची कामंही करतो. पार्लर बायकोचं. केस, साडी, चेहरा ती बघते. डोळ्यांची वेळ आली की मला हाक मारते. त्यामुळे माझं उत्तर थोडं नाटकवाल्याचं वाटेल, ते गोड मानून घ्या.

तुमचा प्रश्न कुठला रंग लावू असा आहे. मला विचाराल तर तुमची अडचण रंगाच्या अलीकडची आहे. सावली कुठे पडते हे बघण्याआधीच तुम्ही रंग उचललात. या वस्तूच्या नावातच शॅडो आहे, पण चाळीस रंगांचे खण समोर उघडले की ते कोणाच्या लक्षात राहणार?

आज रात्री एक करून बघा. खोलीतला दिवा घालवा, आरशासमोर बसा आणि मोबाइलची बॅटरी लावून डोक्यावर धरा. भुवईखालचा खळगा काळा पडेल आणि डोळे खोल गेल्यासारखे दिसतील. मग बॅटरी कानाजवळ आणा. एका डोळ्याची घडी कोरून काढल्यासारखी उठेल. आता ती हनुवटीखाली धरा. खळगा उजळेल, पापणीची घडी नाहीशी होईल आणि आरशात आपणच आपल्याला ओळखणार नाही. मामांनी मला हेच करायला लावलं होतं, तेव्हा हातात तीन सेलची बॅटरी होती. रंगमंचाच्या कडेला खालून मारणारे दिवे असले की नटाच्या डोळ्यांची अंगची सावली पुसून जाते. मग शेवटच्या रांगेतल्या माणसाला त्याचा चेहरा भाकरीसारखा सपाट दिसतो, आणि रंगवाल्याला ती पुसलेली सावली ब्रशाने परत काढावी लागते.

लग्नात खालून दिवे नसतात, पण फोटोवाल्याचा फ्लॅश आणि व्हिडिओचा लाइट अगदी समोरून येतो. तोही तेच करतो. म्हणून घरी आरशात छान दिसणारे डोळे अल्बममध्ये बारीक आणि झोपाळू दिसतात. आय शॅडोचं पहिलं काम हे: उजेडाने पुसलेली सावली परत काढायची आणि जिथे उजेड हवा तिथे थोडा उजेड ठेवायचा. रंगाची हौस त्याच्या नंतर.

आता ही वस्तू बनते कशाची ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. डबीतलं आय शॅडो म्हणजे दाबून बसवलेली पूड. शंखजिरं किंवा अभ्रक हा त्यातला मुख्य माल, रंगासाठी मुख्यतः लोखंडाची ऑक्साइडं, आणि सगळं एकत्र धरून ठेवायला थोडं तेल किंवा सिलिकॉन. पॅलेट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. सीआय म्हणजे कलर इंडेक्स, प्रत्येक रंगद्रव्याचा ठरलेला क्रमांक. सीआय ७७४९१ असेल तो लाल आयर्न ऑक्साइड, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा. दुकानात दिसणारे बहुतेक तपकिरी या तिघांच्या मिश्रणातून होतात. डिचोलीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपली माती लाल आहे ती यानेच, आणि तुमच्याकडून बार्जी भरभरून जे लोहखनिज गेलं तेही मुळात हेच. फरक इतकाच की डबीतलं कारखान्यात शुद्ध करून बनवलेलं असतं. सीआय ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा. ७७०१९ म्हणजे अभ्रक. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर त्या पांढऱ्याचा थर चढवला की मोत्यासारखी झाक येते, तोच तुमच्या पॅलेटमधला शिमर. ७५४७० दिसला तर तो कारमाइन, कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला लाल. कडक शाकाहारी असलेल्यांना हे माहीत असलेलं बरं.

एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: मॅट रंग उजेड गिळतो, शिमर तो परत फेकतो. त्यामुळे सावलीसाठी मॅट आणि उजेडासाठी शिमर. साटन या दोघांच्या मधला, त्यात चुकायची भीती कमी. क्रीम आणि स्टिक असलेलं शॅडो बोटाने पटकन लागतं, पण आपल्या हवेत त्याचं काय होतं ते खाली सांगतो.

डोळ्यांभोवती रंग लावणं तसं फार जुनं. प्राचीन इजिप्तमध्ये हिरवा मॅलाकाइट आणि काळा गॅलेना वाटून लावत. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज, आणि सुरम्याच्या नावाने ते आजही कुठे कुठे विकलं जातं. ते डोळ्याला लावू नका, घरात लहान मूल असेल तर त्याच्या तर मुळीच नाही. आपल्याकडच्या नियमांनी सौंदर्यप्रसाधनांच्या रंगात दहा लाख भागांत शिशाचे २० आणि आर्सेनिकचे २ भाग ही कमाल मर्यादा घातलेली आहे. पण मर्यादा पाळली की नाही हे कळायला बनवणाऱ्याचा पत्ता तरी हवा. परदेशी मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. तुमच्या पॅलेटवर यांतलं काहीच नसेल तर मी ते डोळ्याजवळ नेणार नाही, मग त्यात चाळीस रंग असोत की चारशे.

आता त्या बुक्कीचं. हे तुमच्या एकटीचं नाही, माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सहा जणी हेच सांगतात. आपल्याकडे बऱ्याच जणींची पापणी मुळातच चेहऱ्याहून गडद असते, त्यात थोडी जांभळट झाक. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ, म्हणून खालच्या रक्तवाहिन्यांची झाकही वर येते. त्यावर तुम्ही जांभळा आणि राखाडी लावला. मुका मार लागल्यावर त्वचा ज्या रंगाची होते, नेमका तोच रंग तुम्ही हाताने काढलात. त्यातून पॅलेटबरोबर आलेल्या स्पंजच्या काडीने लावला असणार. ती काडी रंग एका जागी थापते, कडा विरघळवत नाही. कडा स्पष्ट राहिली की सावली वाटत नाही, डाग वाटतो. व्हिडिओतल्या मुलीची पापणी गोरी असेल तर तोच राखाडी तिला शोभला असेल. यात तुमच्या हाताचा दोष नाही.

उपाय सोपा आहे. जांभळट झाकेला उतारा नारिंगीचा. आधी पापणीवर पीच किंवा नारिंगी कन्सीलरचा, म्हणजे डाग झाकायच्या क्रीमचा, मोहरीएवढा ठिपका, बोटाने थापून थापून पातळ केलेला. शॅडोतले रंग गरम जातीचे घ्या: कौलाचा, दालचिनीचा, जायफळाच्या सालीचा, आबोलीचा. आबोलीची फाती केसांत माळल्यावर गव्हाळ चेहरा कसा उजळतो ते आपण लहानपणापासून बघतोच. तीच गंमत पापणीवर होते. फिकट गुलाबी, फिकट निळा, फिकट मोरपंखी हे रंग गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर राख फासल्यासारखे दिसतात, कारण त्यांत पांढरा भरपूर घातलेला असतो. ते मी पॅलेटमध्येच राहू देतो.

लावायचं कसं? यासाठी एक ब्रश विकत घ्या, झुबकेदार आणि मऊ, करंगळीच्या टोकाएवढा. दुकानात ब्लेंडिंग ब्रश म्हणून मागा. सकाळच्या उजेडात खिडकीकडे तोंड करून बसा, आरसा समोर सरळ धरा, मान वर करू नका. डोळा उघडा ठेवून समोर बघा आणि घडी कुठे पडते ते नीट न्याहाळा. पॅलेटमधून तुमच्या कातडीहून एकच पायरी गडद असा मॅट तपकिरी निवडा. ब्रश शेवटाला धरा, उदबत्ती धरतो तसा हलका. पेनासारखा घट्ट धरलात तर हात जड पडतो. ब्रशाचं टोक खणात एकदा टेकवा, मग मनगटाच्या मागच्या बाजूला दोनदा झटका. झटकलेली पूड बघितलीत की कळेल, तेवढी सगळी गालावर सांडणार होती. ब्रश पहिल्यांदा जिथे टेकतो तिथे सर्वांत जास्त रंग बसतो, म्हणून पहिला स्पर्श घडीच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात करा. तिथून आत आणि परत बाहेर, गाडीच्या वायपरसारखा, आठ-दहा वेळा. नाकाकडच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत ब्रशात काही उरू नये. मग ब्रश रुमालाला पुसून, रंग न घेता, फक्त वरच्या कडेवरून फिरवा. आय शॅडोतला निम्मा वेळ या कोरड्या ब्रशात जातो, आणि व्हिडिओत नेमका हाच भाग घाईने पळवतात.

आता थांबा आणि दुसऱ्या डोळ्याला एवढंच करा. एक डोळा पूर्ण सजवून मग दुसऱ्याकडे वळलात तर दोन्ही सारखे होत नाहीत. हा अनुभव रांगोळीतही येतो. दोन्ही सारखे झाले की अनामिकेच्या टोकाने फिकट सोनेरी किंवा तांबूस शिमर घ्या आणि पापणीच्या मध्यावर, बुबुळाच्या बरोबर वर, दोनदा दाबा, घासायचं नाही. डोळा उघडझाप करतो तेव्हा तिथला उजेड हलतो आणि डोळा जिवंत वाटतो. संध्याकाळसाठी बाहेरच्या कोपऱ्यात, पापण्यांच्या केसांना चिकटून, गडद तपकिरीची पातळ रेघ द्या आणि विरघळवा. भुवईखाली पांढरा चमचमता पट्टा काढायची पद्धत होती, ती मी सोडली. आपल्या कातडीवर तो खडूसारखा दिसतो.

यातलं काय तुम्हाला जुळेल हे डोळ्याच्या ठेवणीवर आहे, ते न बघता मी छातीठोक सांगणार नाही. पापणी वरच्या कातडीखाली झाकली जात असेल तर घडीत लावलेला रंग डोळा उघडल्यावर गडप होतो. अशा वेळी सावली घडीच्या अंगुळभर नव्हे, दोन-तीन मिलिमीटर वर, उघड्या डोळ्यानेच काढायची. डोळे मुळात खोल असतील तर सावली हवीच कशाला? तिथे पापणीवर उजेड द्या. डोळे थोडे पुढे आलेले असतील तर शिमर कमी आणि मॅट जास्त. वय झालेल्या पापणीवर सुरकुत्या असतात, शिमर त्यांत बसतो आणि एकेक सुरकुती मोजून दाखवतो.

चष्म्याचं विचारलंत ते बरं केलंत. उणे नंबरच्या भिंगातून डोळा समोरच्याला लहान दिसतो, आणि उणे चारला तो फरक नजरेत भरतो. त्यावर फ्रेमच्या वरच्या काठाची सावली पडते ती वेगळीच. म्हणजे तुमच्या चेहऱ्यावर सावली करणारा एक माणूस आधीच बसलेला आहे. तुम्ही घडीतला तपकिरी निम्मा करा, मध्यावरचा उजेड मात्र ठेवा, आणि खालच्या पापणीला काळं काहीही लावू नका. डोळा चारही बाजूंनी काळ्याने बांधला की भिंगात तो अजून बारीक होतो. अधिक नंबरवाल्यांचं उलट. त्यांचा डोळा मोठा दिसतो आणि ब्रशाची प्रत्येक चूकही मोठी दिसते. लग्नासाठी लेन्स घालणार असाल तर हात धुऊन आधी लेन्स, मग मेकअप. उतरवताना आधी लेन्स काढा, मग मेकअप पुसा.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: उजेड कुठून येतो ते बघा, कातडीहून एक पायरी गडद मॅट तपकिरी घडीत, शिमर फक्त मध्यावर, कडा विरघळेपर्यंत कोरडा ब्रश, आणि जांभळा-राखाडी तूर्त बंद.

आता आपली हवा. डिसेंबरातही गोव्यात दुपारी पारा बत्तीस-तेहतिसापर्यंत जातो, आणि देवळाच्या हॉलमध्ये पंखे असतात, एसी असेलच असं नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी एका नवरीला, तेही मे महिन्यात, क्रीमचं सोनेरी शॅडो लावलं. सुंदर दिसत होतं. वर पावडर बसवली नाही, कारण झाक कमी होईल असं वाटलं. होम पेटला, धूर आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि सप्तपदीपर्यंत ते सगळं सोनं घडीत गोळा होऊन दोन पिवळ्या रेघा झाल्या. तिच्या आईने एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. अल्बममध्ये त्या रेघा अजून आहेत.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा. पापणी धुऊन कोरडी करायची, तिथे तेल किंवा जाड क्रीम नाही. मग प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पायाचा थर, नसेल तर कन्सीलरचाच पातळ थर, तोही खरंच पातळ. जाड थर म्हणजे घडीत जमायला जास्त माल. दोन मिनिटं थांबायचं. मग पापणीवर टिपकागद ठेवून तेल टिपायचं आणि चिमूटभर कॉम्पॅक्ट पावडर. त्यानंतर शॅडो. क्रीम लावायचंच असेल तर त्याच रंगाची पूड वर दाबायची, म्हणजे क्रीम हलत नाही. होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी आलं तर पदराने पुसू नका. टिशूची घडी करून तिचं टोक नाकाकडच्या कोपऱ्यात टेकवा, पाणी आपोआप ओढलं जातं. करवली म्हणून तुम्हाला शेजारीच बसायचंय, तेव्हा टिशू कमरेला खोचून ठेवा. आणि डोळे आधी रंगवा, चेहऱ्याचं फाउंडेशन नंतर. गालावर सांडलेली पूड मग सरळ पुसता येते.

रंग साडीशी जुळवायचा का? बायका हे हमखास विचारतात आणि माझं उत्तर नाही असंच असतं. हिरव्या साडीवर हिरवी पापणी केली की साडीही हरते आणि डोळाही. साडीच्या काठातला एक रंग घेतला तर चालतो, तोही फक्त बाहेरच्या कोपऱ्यात. दुपारच्या उन्हात मॅट आणि साटन. संध्याकाळच्या दिव्यांचं मात्र आधी विचारून घ्या, हे मी नाटकात शिकलो. पिवळ्या दिव्याखाली पीच आणि सोनेरी फिके पडतात. पांढऱ्या एलईडीखाली राखाडी आणि जांभळे अंगावर येतात. आणि आजकाल रिसेप्शनच्या स्टेजवर निळे दिवे मारतात, त्यांच्याखाली लाल आणि मरून काळे दिसतात. स्पर्धेच्या एका नाटकात नायिकेला मरून शॅडो लावून मी निवांत बसलो होतो. निळा प्रकाश आला आणि बाईंच्या डोळ्यांच्या जागी दोन भोकं! दिग्दर्शक माझ्याकडे बघत होता, आणि मी पडद्याच्या दोऱ्या मोजत होतो. तुम्ही संध्याकाळसाठी तांबूस किंवा ब्रॉन्झ घ्या, ते कुठल्याच दिव्यात फारसं दगा देत नाही.

ऑफिसला रोज लावायचं तर घडीतला तो एक तपकिरी पुरे, दोन मिनिटांचं काम. पण आय शॅडोचा मला सर्वांत आवडणारा उपयोग वेगळाच आहे. आपल्याकडच्या दमट हवेत काजळ दुपारपर्यंत गालावर उतरतं. काजळ लावल्यावर चपट्या बारीक ब्रशाने गडद तपकिरी किंवा काळा मॅट शॅडो त्याच रेघेवर दाबा. पूड काजळातलं तेल पिते आणि रेघ बराच वेळ जागेवर राहते. हाच तपकिरी भुवईतल्या विरळ जागी केसांच्या दिशेने लावा, पेन्सिलपेक्षा नैसर्गिक दिसतो. भांगाजवळ केस पातळ झाले असतील तर तिथेही थोडा थापून द्या. फोटोत टाळू चमकत नाही. एका डबीत एवढी कामं होत असतील तर बाकीचे एकोणचाळीस खण कोणासाठी, हा प्रश्न तुम्हाला पडला तर मी हसणार नाही.

थोडं सावधगिरीचं. पॅलेटमध्ये मोठ्या चकाकीचं ग्लिटर असेल तर ते डोळ्यासाठी आहे असं लिहिलंय का बघा. कागदकामाचं ग्लिटर टोकदार असतं, डोळ्यात गेलं तर बुबुळावर ओरखडा उठू शकतो. एका शाळेच्या कार्यक्रमात कोणीतरी स्टेशनरीच्या दुकानातली पुडी आणली होती. मी घाईत होतो, विचारलं नाही, आणि आठ वर्षांची एक मुलगी नाच सोडून डोळा चोळत विंगेत आली. डॉक्टरांनी डोळा धुऊन दिला, निभावलं. पण ती पुडी न बघता मी उघडली होती हे मी विसरलेलो नाही. काही पॅलेटवर भडक गुलाबी, लाल अशा ठरावीक खणांबद्दल 'डोळ्यांजवळ लावू नये' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाचा. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. डोळे आलेले असतील, रांजणवाडी झाली असेल तर बरं होईपर्यंत काही लावू नका, आणि त्या काळात वापरलेला ब्रश धुतल्याशिवाय परत डबीत घालू नका. लग्नघरात एकच पॅलेट सहा जणींत फिरतं, तेव्हा निदान ब्रश तरी ज्याचा त्याचा असावा.

पावसाळ्यात हे सगळं गोदरेजच्या कपाटात कपड्यांच्या मागे ठेवाल तर गणपतीपर्यंत बुरशी येईल. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि न्हाणीघरात तर ठेवूच नका. डबीवर उघड्या बरणीचं चित्र आणि १२ एम असं असेल तर उघडल्यापासून बारा महिने असा त्याचा अर्थ. पुडीचं शॅडो नीट ठेवलं तर क्रीमपेक्षा जास्त टिकतं, पण वास बदलला किंवा वर पांढरे ठिपके दिसले की टाकून द्या. पृष्ठभाग नुसताच चकचकीत आणि कडक झाला असेल तर तो बोटांच्या तेलाचा थर आहे. सेलोटेपचा तुकडा लावून उचला, खाली रंग शाबूत असतो.

लग्नाआधी एकदा तरी रविवारी दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण तयारी करून बघा, चष्मा लावून. मग बाहेर अंगणात जाऊन आतेबहिणीकडून फोटो काढून घ्या, एक फ्लॅशने आणि एक फ्लॅशशिवाय. चार तास तसंच राहा, जेवण करा, थोडं घामेजून घ्या आणि मग आरशात बघा. घडीत रेघ जमली असेल तर बेस जाड झाला. रंग नाहीसा झाला असेल तर पावडर विसरलात.

आणि वरमाईचं. तुमच्या आईला विचारलंत तर त्या नको म्हणणार, हे मी शपथेवर सांगतो. माझ्याकडे येणारी प्रत्येक वरमाई खुर्चीत बसताना म्हणते, "म्हाका भूत करूं नाका हां." त्यांना शिमर नको, काळं लायनर नको, काही समजावायलाही जाऊ नका. डोळे मिटायला सांगा, तो एक मॅट तपकिरी घडीच्या जरा वर फिरवा, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी थोडा दाबा, आणि कुंकू लावायला आरसा त्यांच्याच हातात द्या.